तेल वाढवले, वायू वाढवला, तरी रायफल अडली: नागपूरच्या एका तुकडीतील एसएलआरचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर परिसरातील एका सशस्त्र रक्षक तुकडीत घडलेले हे प्रकरण आहे. तुकडीचे नाव, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. शस्त्र मात्र सर्वांच्या परिचयाचे आहे: ७.६२ मिमीची १ए१ सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर. बेल्जियमच्या एफएन कंपनीत दियुदोने सेव्ह यांनी बनवलेल्या फाल रायफलीच्या घराण्यातली ही रायफल इशापूरच्या कारखान्यात तयार झाली. मॅगझीनमध्ये २० गोळ्या बसतात आणि ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते.

पुढचे सगळे समजण्यासाठी तिची रचना डोळ्यांसमोर हवी. गोळी नळीतून पुढे जाताना नळीच्या वरच्या छिद्रातून थोडा वायू गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन थोडेच अंतर जातो, कॅरियरला, म्हणजे ब्लॉकला सोबत घेऊन सरकणाऱ्या भागाला, ठोसा देतो आणि स्वतःच्या स्प्रिंगने जागेवर परततो. कॅरियर मागे सरकताना ब्रीच ब्लॉकचे, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याचे, मागचे टोक वर उचलतो. तोवर ते टोक रिसीव्हरमधल्या (रायफलीच्या मधल्या सांगाड्यातल्या) लॉकिंग शोल्डर या पोलादी आधाराला टेकलेले असते. टोक सुटले की ब्लॉक आणि कॅरियर मिळून मागे जातात, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि बटमधल्या रिकॉइल स्प्रिंगच्या जोरावर परत येताना नवे काडतूस आत जाते. पिस्टनला किती वायू मिळावा हे गॅस रेग्युलेटर ठरवतो. तो उघडला की जादा वायू बाहेर निघून जातो, बंद करत नेला की पिस्टनवरचा जोर वाढतो.

रायफली ज्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, होत्या तिथे आदल्या पावसाळ्यात काही नळ्यांवर आणि मॅगझीनवर गंजाचे ठिपके दिसले होते. वरून आदेश आला की सर्व शस्त्रांना भरपूर तेल लावावे. पातळ तेलाऐवजी साठवणीचे जाड तेल आले. ते आतून-बाहेरून, पिस्टनपासून चेंबरपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) सगळीकडे लागू लागले. रायफली रॅकमध्ये नळी वर करून उभ्या होत्या. एप्रिलमध्ये कोतच्या एकुलत्या एका खिडकीला कूलर बसला. ताटीतून येणारी दमट हवा थेट रॅकवर जात होती. तेल पुरत नाही असे वाटून आठवड्याच्या सफाईत आणखी एक हात फिरवला जाऊ लागला.

अडचण

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नवतपा लागायच्या आधी, वार्षिक गोळीबार सराव ठरला. चांदमारी शहराबाहेरची, फायरिंग पॉइंटला मुरूम. सकाळी लवकर सुरू झालेला सराव अकरापर्यंत लांबला आणि तोवर उन्हात ठेवलेल्या रायफलीच्या लोखंडाला हात लावणेही अवघड झाले होते.

पहिले मॅगझीन बहुतेकांचे सुरळीत गेले. धूर मात्र नेहमीपेक्षा जास्त निघत होता. दुसऱ्या मॅगझीनपासून रायफली अडू लागल्या. कुठे पुंगळी अर्धीच बाहेर येऊन नव्या काडतुसाला आडवी जाई, कुठे कॅरियर पुरेसा मागे न गेल्याने पुढचे काडतूस उचललेच जाईना, तर काही ठिकाणी ब्लॉक पूर्ण बंद होण्याआधीच थांबे. झोपून फायर करणाऱ्यांना जास्त त्रास झाला. नळीच्या तोंडापुढची हवा मुरमाची धूळ उडवते आणि ती पुंगळी बाहेर पडायच्या उघड्या खिडकीतून आत जाते. एक रायफल तर प्रत्येक गोळीनंतर हाताने कॉक करावी लागत होती. तिचा गॅस प्लग ग्रेनेड फायरिंगच्या स्थितीत फिरवून बसवला गेला होता, त्यामुळे पिस्टनकडे वायूच जात नव्हता. प्लग फिरवला आणि ती चालू लागली. बाकीच्यांचे कारण इतके सोपे नव्हते.

पहिले दोन निर्णय

"साहेब, तेल कमी पडतंय, अजून मारू का?" असे आर्मोररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याने, विचारले आणि होकार मिळाला. खिडकीतून तेल सोडून कॉकिंग हँडल चार-पाच वेळा ओढले की रायफल आठ-दहा गोळ्या नीट चाले, मग पुन्हा अडे. ओल्या तेलाने भाग तात्पुरते सैल होतात, पण त्याच तेलात नवी धूळ आणि काजळी मिसळते. मुरमाची बारीक भुकटी आणि जाड तेल एकत्र आले की गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते, आणि ती कॅरियरच्या पट्ट्यांवर नेमके तेच काम करते.

दुसरा निर्णय जास्त महागात पडला. सराव पुढे न्यायचा म्हणून सर्व रायफलींचे रेग्युलेटर सरसकट दोन-तीन टिक (खाचा) बंद केले गेले. अडणे लगेच कमी झाले, दिवस पार पडला आणि नोंदवहीत "दोष दूर" अशी नोंद झाली. दोष दूर झालेला नव्हता. वाढलेल्या घर्षणावर जास्त वायूने मात केली होती, एवढेच. जास्त वायू मिळाला की कॅरियर वेगाने मागे येतो, ब्लॉक लवकर सुटतो आणि नळीत दाब शिल्लक असतानाच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळीची कडा पकडणारा आकडा, ती ओढू लागतो. तेव्हा पुंगळी चेंबरच्या भिंतीला अजून घट्ट चिकटलेली असते. जूनच्या सुरुवातीच्या पुढच्या सरावात एका रायफलीच्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाचा कपचा उडाला आणि दुसरीत पुंगळीची कडा फाटून ती चेंबरमध्येच राहिली. तिथे सराव थांबवला गेला. थांबवण्याचा हा निर्णय अगदी योग्य होता.

पर्याय

चार पर्याय चर्चेत आले.

दारूगोळ्याची लॉट (एकत्र बनलेला साठा) खराब असावी, हा पहिला. अशी शंका नेहमीच सर्वांत आधी येते, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. पण तुकडीकडे दोन वेगळ्या लॉट होत्या आणि अडणे दोन्हींत झाले होते. त्यामुळे हा पर्याय तपासायचा, पण त्यावर अवलंबून राहायचे नाही असे ठरले.

सर्व रायफली वरच्या वर्कशॉपकडे पाठवणे, हा दुसरा. त्यात ड्युटीसाठी शस्त्रे कमी पडली असती, आणि कोतमधली कारणे तशीच राहिली असती तर परत आलेल्या रायफली पुन्हा तशाच झाल्या असत्या.

तिसरा पर्याय बाजारातल्या कोरड्या टेफ्लॉन फवाऱ्याचा होता. धुळीत कोरड्या थराचा फायदा असतो, हे खरे. पण लॉकिंग शोल्डर आणि ब्लॉकची मागची बाजू प्रत्येक गोळीला जबर दाबाखाली एकमेकांवर घासतात. तिथे तेलाचा पातळ थर हवाच. शिवाय पावसाळ्यात गंज रोखण्याचे काम त्या फवाऱ्यावर सोडणे धोक्याचे होते.

चौथा पर्याय निवडला गेला: काही रायफली वेगळ्या काढायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक गोळीची नोंद ठेवायची.

या टप्प्यावर बाहेरच्या दोन अनुभवांचा आधार घेतला गेला, आणि ते इथे सांगण्यासारखे आहेत. फाल रायफलीला बारीक वाळूचा त्रास जुना आहे. रिसीव्हर आणि कॅरियर यांच्यात मोकळी जागा कमी आहे, त्यामुळे कचऱ्याला जायला वाट नसते. एल१ए१ या फालच्या ब्रिटिश आवृत्तीच्या कॅरियरवर पुढे तिरक्या खाचा पाडण्यात आल्या त्या वाळूला जागा मिळावी म्हणूनच. इस्रायलनेही फाल वाळवंटात वापरली आणि पुढे गॅलिल या स्वतःच्या रायफलीकडे वळताना वाळूचा हा अनुभव एक मोठे कारण ठरला. दुसरा अनुभव अमेरिकेतल्या ॲबर्डीन इथल्या २००७ च्या धूळ-चाचणीचा. चार प्रकारच्या रायफलींपैकी प्रत्येकी १० घेऊन एकेका प्रकारातून ६०,००० गोळ्या झाडल्या गेल्या. वायू थेट कॅरियरमध्ये सोडणारी एम४ ८८२ वेळा अडली, वेगळा पिस्टन असलेली एक्सएम८ १२७ वेळा. एम४ च्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझीनचा होता. धूळ सगळ्यांच्या वाट्याला सारखीच आली होती, फरक रचनेने आणि मॅगझीनने पाडला. एका रायफलीसाठी लिहिलेला तेलाचा नियम दुसरीला डोळे झाकून लावता येत नाही, हे इथे पक्के झाले.

तपास

सहा रायफली घेतल्या, तीन सर्वांत जास्त अडलेल्या आणि तीन कमी त्रास देणाऱ्या. नोंदीच्या तक्त्यात रायफल क्रमांक, मॅगझीन क्रमांक, कितवी गोळी, अडण्याचा प्रकार, आणि पुंगळी कुठल्या दिशेला किती लांब पडली, हे रकाने होते. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. पुंगळी पायाशी पडू लागली की रायफलीला वायू कमी पडतो आहे किंवा घर्षण वाढले आहे, आणि हे अडण्याच्या आधीच कळते. फार लांब फेकली गेली की वायू जास्त आहे.

आधी रायफली आहेत तशा उघडून पाहिल्या. पिस्टनच्या डोक्यावर आणि सिलिंडरच्या आत तेल जळून काळा, चिकट, कडक थर बसला होता. पिस्टन बोटाने ढकलला तर मागे जाई, पण स्प्रिंगने परत येताना रेंगाळे. गॅसच्या भागांना तेल लागत नाही, तिथे ते जळून काजळीला धरून ठेवते. चेंबरमध्ये तेलाचा ओघळ होता. नळी वर करून ठेवलेल्या रायफलीत नळीतले तेल उन्हाळ्यात पातळ होऊन खाली चेंबरमध्ये उतरते, पुढे ब्लॉकच्या तोंडावर आणि ट्रिगरच्या भागात जाते. तापमानाचा परिणाम किती मोठा आहे हे आकड्यात पाहायचे तर ४० अंशांना ३२ सेंटीस्टोक (तेलाच्या दाटपणाचे माप) असणारे साधे खनिज तेल ६० अंशांना जवळपास निम्मे पातळ होते. तापलेल्या बंद कोतमध्ये जाड तेलही जागेवर राहत नाही.

ओले चेंबर नुसते घाण नसते, धोक्याचे असते. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला पकडते आणि मागच्या धक्क्याचा काही भाग त्या पकडीत जिरतो. भिंतीवर तेल असेल तर पकड ढिली होते आणि तो भार ब्लॉक आणि लॉकिंग शोल्डरवर येतो. त्यात एसएलआरचा ब्लॉक झुकता आहे. फिरत्या बोल्टला उघडताना सुरुवातीला जी हळू आणि जोरकस ओढ देता येते, ती झुकत्या ब्लॉकला फारशी मिळत नाही. म्हणजे चिकटलेली पुंगळी सोडवण्याचे सगळे काम एक्स्ट्रॅक्टरच्या एका नखावर पडते. म्हणूनच या रायफलीत चेंबर कोरडे आणि स्वच्छ ठेवणे आणि वायू मोजका ठेवणे, दोन्ही एकदम सांभाळावे लागते.

मग सफाई झाली. पिस्टन, सिलिंडर आणि गॅस प्लग सॉल्व्हंटमध्ये भिजवून काजळी काढली, पुसून पूर्ण कोरडे केले. सिलिंडरला खरवडणारे लोखंडी हत्यार लावू दिले नाही. चेंबरला ब्रश, नंतर पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) चिंदी, कोरडी निघेपर्यंत. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी टोकदार लाकडी काडीने काढली. तेल फक्त इतक्या ठिकाणी लागले: कॅरियरच्या दोन्ही पट्ट्यांवर एकेक थेंब, बोटाने पसरून, ब्लॉक आणि कॅरियर जिथे एकमेकांवर सरकतात तिथे थोडेसे, लॉकिंग शोल्डरला नुसता ओला स्पर्श, हॅमरच्या पिनवर एक थेंब. रिकॉइल स्प्रिंगला तेलकट चिंदी फिरवली. मॅगझीन आतून कोरडे.

रेग्युलेटर प्रत्येक रायफलीसाठी नव्याने ठरवला. आधी जवळजवळ उघडा ठेवायचा, मॅगझीनमध्ये एकेक काडतूस भरून फायर करायचे, आणि पुंगळी नीट बाहेर फेकली जाईपर्यंत एकेक टिक बंद करत जायचे. पुंगळी सलग नीट पडू लागली की आणखी दोन टिक बंद करायचे. ते दोन टिक म्हणजे धूळ आणि काजळीसाठी राखून ठेवलेली शिल्लक. सरसकट बंद केलेल्या रायफलींमध्ये ही शिल्लक सफाईच्या आधीच संपून गेली होती, आणि वर लागलेला जोर भागांवर जात होता. ठरलेला आकडा रायफलीच्या कार्डावर लिहिला गेला.

सहापैकी पाच रायफली झोपून, मुरमावर, तीन-तीन मॅगझीन न अडता चालल्या. सहावी अडतच राहिली.

अनपेक्षित सापडलेली गोष्ट

सहाव्या रायफलीच्या एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग कमजोर निघाली, ती बदलली. पण ती उघडताना दिसले की ब्रीच ब्लॉकवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नाही. मेच्या सरावानंतर घाईत सामूहिक सफाई झाली होती. अनेक रायफलींचे ब्लॉक एकाच टबात केरोसीनमध्ये टाकले आणि हाताला येतील तसे परत बसवले. बाकी कोत तपासला तेव्हा आणखी काही रायफलींमध्ये अदलाबदल आढळली.

हा प्रकार सगळ्या तेलापेक्षा गंभीर होता. या रायफलीत काडतुसाच्या मागे किती जागा राहते हे ब्लॉक आणि वेगवेगळ्या मापांत मिळणारा लॉकिंग शोल्डर यांची जोडी ठरवते. दुसऱ्या रायफलीचा ब्लॉक बसवला तर ती बंद होते, फायरही होते, पण जागा जास्त राहिली तर पुंगळी मधूनच फाटू शकते. ज्या रायफलींचे क्रमांक जुळत नव्हते त्या सगळ्या त्याच दिवशी वापरातून काढल्या. ड्युटीचे वेळापत्रक कोलमडणार होते आणि "क्रमांक जुळवून घेतले की झाले" असा आग्रहही होता. पण अधिकाऱ्यांनी वरिष्ठ आर्मोररकडून गो आणि नो-गो गेजने (ही जागा मापात आहे का ते दाखवणाऱ्या मापकांनी) मोजून घेतल्याशिवाय एकही रायफल परत दिली नाही. आमच्या मते या पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. मूळ जोड्या जुळवल्यावर बहुतेक रायफली मापात आल्या. फाटक्या कडेची पुंगळी राहिलेली रायफल मात्र वर्कशॉपला गेली.

मॅगझीनचे काम त्या मानाने सोपे होते. प्रत्येकावर रंगाने क्रमांक टाकला. नोंदी पाहिल्यावर काही मॅगझीन कुठल्याही रायफलीत गेले तरी अडतात हे दिसले. आत तेलात कालवलेली धूळ होती, स्प्रिंग काडतुसे वेळेवर वर ढकलत नव्हती. दोन मॅगझीनच्या तोंडाच्या कडा वाकलेल्या होत्या, ते बाद केले.

परिणाम

जुलैच्या सरावात पुंगळी अडण्याचे प्रकार तुरळक राहिले आणि जे झाले ते मॅगझीनशी जोडता आले. एक्स्ट्रॅक्टर पुन्हा तुटला नाही. सरावाच्या आदल्या संध्याकाळी फायरिंग पॉइंटवर पाणी मारून ताडपत्री अंथरणे सुरू झाले. एवढ्या स्वस्त उपायाने झोपून फायर करणाऱ्यांची धूळ कितीतरी कमी झाली. कूलर कोतच्या खिडकीतून काढून शेजारच्या खोलीला बसवला आणि रॅकजवळ सिलिका जेलच्या थैल्या आल्या. दमट हवाच थांबल्यावर जाड तेलाची गरज उरली नाही. हा उपाय आदल्या पावसाळ्यात, गंजाचा पहिला ठिपका दिसला तेव्हाच व्हायला हवा होता. तेव्हा कोणी हवा तपासली नाही, तेल वाढवले.

काय वेगळे करता आले असते

मेच्या सरावातच रेग्युलेटर बंद करायला हरकत नव्हती. तो आणीबाणीचा उपाय आहेच, आणि रायफल गरम व घाण झाली की एक टिक बंद करणे शिकवलेही जाते. पण तो सरसकट केला, नोंद न करता केला आणि परत उघडला नाही. अशा वेळी रायफलीला तारखेसह चिठ्ठी बांधावी आणि सफाईनंतर रेग्युलेटर मूळ आकड्यावर आणल्याशिवाय ती कोतमध्ये घेऊ नये.

सामूहिक सफाईत एका वेळी एकच रायफल उघडावी, किंवा प्रत्येकीचे भाग तिच्या क्रमांकाच्या ट्रेमध्ये ठेवावेत. केरोसीनने धुतलेला भाग पुसून लगेच पातळ तेलाचा हात द्यावा. केरोसीन तेल काढून टाकते आणि उघडे लोखंड पावसाळ्यात रात्रीतून गंजते.

सराव आणि साठवण यांच्या तेलात फरक ठेवणे हा नियम आता कार्डावर आहे. साठवणीच्या रायफलीच्या ट्रिगर गार्डला "चेंबर ओले" अशी चिठ्ठी असते. ती काढायची तर चिंदी कोरडी निघेपर्यंत पुलथ्रू ओढावा लागतो. पहाऱ्यावरच्या रायफलींचा प्रश्न मात्र थोडा अवघड राहिला आहे. त्या कुठल्याही क्षणी फायर व्हायला हव्यात, म्हणून चेंबर नेहमी कोरडे. पण गेटवरच्या खोलीत पावसाळ्याची ओल असते, म्हणून त्याच सर्वांत आधी गंजतात. सध्या त्यांना बाहेरून पातळ तेलाचा हात, आठवड्यातून एकदा ऐवजी दिवसाआड चिंदी, आणि दर पंधरवड्याला कोतमधल्या कोरड्या रायफलीशी बदल, अशी व्यवस्था आहे. पंधरवडा पुरेसा आहे की आठवडाच हवा, हे तुकडी या पावसाळ्याच्या नोंदींवरून ठरवणार आहे.